टेप खिडकीकडून

"टेप नीट ताण. झोळ पडतोय मध्ये," मालक म्हणाले आणि स्वतः चार पावलं मागे सरकले. दुसरं टोक धरायची वेळ आपल्यावर येऊ नये, एवढीच त्यामागची काळजी.

मी फरशीवर गुडघे टेकून बसलो होतो. अकरा आठवडे हॉटेल बंद होतं आणि अकरा आठवड्यांची धूळ माझ्या काळ्या पँटला लागत होती. टेपचं एक टोक मी टेबलाच्या लोखंडी पायाला चिकटपट्टीने चिकटवलं आणि दुसरं ओढत मागच्या टेबलापर्यंत रांगत गेलो. मला कॅप्टन म्हणतात. हाताखाली सहा वेटर, अंगात वेगळा कोट, आणि काम हे.

"किती?"

"साडेतीन फूट."

"आणि नगरपालिकेच्या कागदात?"

"सहा."

"म्हणजे?"

"म्हणजे एक ओळ चालू, एक बंद. त्यातही एकाआड एक खुर्ची उचलायची."

मालकांनी मोठा सुस्कारा सोडला. चांगला होता सुस्कारा. घरून तयार करून आणला असावा.

आमचा हॉल लांबट आहे. एका टोकाला रस्त्याकडची मोठी खिडकी, दुसऱ्या टोकाला किचनचं दार. मध्ये टेबलांच्या सहा ओळी, ओळीत चार टेबलं, आणि सगळी टेबलं फरशीत बोल्ट मारून घट्ट केलेली. ही मालकांच्या वडिलांची करामत. गिऱ्हाइकं टेबलं जोडून बसतात, एक जण कॉफी मागवतो आणि सात जण गप्पा मारतात, याचा त्यांना भयंकर राग. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी चोवीसच्या चोवीस टेबलं जमिनीला खिळवली. म्हातारा गेला, बोल्ट राहिले. आता टेबलं सरकवून अंतर वाढवायचं तर फरशी फोडावी लागणार, आणि मालकांचा जीव फरशीत. माणसांना बोल्ट मारलेले नव्हते, ती हलवायला सोपी होती.

आमच्याकडची आणखी एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. ओळ ज्याची त्याची. वेटर कामाला लागला की त्याला एक ओळ मिळते. ती टेबलं त्यानेच पुसायची, तिथली गिऱ्हाइकं त्यानेच सांभाळायची, दुसऱ्याने तिथे पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवायचा नाही. मालक पगारपत्रकावरही नावाआधी ओळीचा आकडा लिहितात.

"मी कोणालाही काढत नाहीये, बरं का," मालक म्हणाले. "उगाच गैरसमज नको. नियम काढतोय. ज्याची ओळ चालू, तो चालू. ज्याची बंद, तो घरी. किती सरळ आहे बघ!"

"सरळ आहे."

"म्हणजे माझ्यावर बोट नको आणि तुझ्यावरही नको."

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे मी पुष्कळ पाहिले होते. या माणसाने ती टेपच्या खांद्यावर ठेवली. मी उठलो, गुडघे झटकले आणि विचारलं, "सुरुवात कुठून करू?"

"कुठूनही कर. टेपला काय कळतंय!"

"खिडकीकडून केली तर पहिली, तिसरी, पाचवी राहते. किचनकडून केली तर सहावी, चौथी, दुसरी."

मालकांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांना कळलं होतं. सहा ओळींचं गणित शाळेत नापास झालेल्यालाही येतं, आणि हे तर कॉलेजात जाऊन नापास झालेले. त्यांनी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि मनगटापर्यंत चोळून चोळून लावलं.

"ते तू बघ. कॅप्टन तू आहेस. पाच वाजता सगळ्यांना बोलावलंय, तोवर उरक," ते म्हणाले आणि गेले. हात झटकणारी माणसं मी पाहिली होती, पण इतक्या स्वच्छ हातांनी झटकणारा हा पहिलाच.

तर पहिली ओळ, खिडकीची, माझ्या मेहुण्याची. सहावी, किचनच्या दारातली, इस्त्रीकाकांची. बाकी चौघांपैकी दोघे इकडे, दोघे तिकडे वाटले जाणार होते. त्यांचा मी फारसा विचारही केला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणाला भलती आशा नको.

इस्त्रीकाका चौतीस वर्षं तिथे. कोटाची घडी कधी मोडलेली दिसायची नाही म्हणून आम्ही मागून त्यांना इस्त्री म्हणायचो आणि तोंडावर काका. मला हे काम त्यांनी शिकवलं. एका हातावर तीन प्लेटा कशा घ्यायच्या, गरम प्लेट कोणत्या बोटाला सोसते, दारू चढलेल्या माणसाला उठवायचं कसं आणि रडणाऱ्या बाईसमोर बिल ठेवायचं कधी. "त्याने हाक मारायच्या आत पोचायचं," ते म्हणायचे, "पण वाट बघत उभा होतास असं दिसता कामा नये." बत्तीस वर्षं खिडकीची ओळ त्यांची होती. दोन वर्षांपूर्वी ती मी काढून घेतली. बायकोचा धाकटा भाऊ चौथ्या नोकरीतून हाकलला गेला होता आणि त्याला उजेडात, बऱ्या गिऱ्हाइकांत बसवायचं होतं. काकांना मी म्हणालो, "काका, तुमचे गुडघे दुखतात. किचनच्या दारातली ओळ घ्या, चालणं वाचेल." ते म्हणाले, "गुडघ्यांची बरी आठवण ठेवलीस, गड्या." दुसऱ्या दिवसापासून ते सहाव्या ओळीत उभे राहिले, जिथे दर मिनिटाला पाठीवर दार आपटतं आणि जिथे कोणीही आपणहून बसत नाही.

आता त्या ओळीच्या पगारावर त्यांच्या घरची पाच माणसं जगत होती. त्यांचा मुलगा विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात होता. साथ आली तेव्हा ते हॉटेल पहिल्या आठवड्यात बंद झालं, आणि पुन्हा उघडणार नाही असं पत्र दुसऱ्या आठवड्यात आलं. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

दुपारी जेवायला घरी गेलो तर मेहुणेसाहेब पलंगावर आडवे. मोबाइल छातीवर, पाय भिंतीला. अकरा आठवडे हा माणूस माझ्या घरात याच अवस्थेत होता.

"दाजी, माझं काय ठरलं?" त्याने मान न हलवता विचारलं.

"टेप ठरवणार आहे."

"म्हणजे?"

माझी बायको आतून आली. तिला सगळं कळलेलं होतं, मालकिणीशी तिचं फोनवर बोलणं असतं. "म्हणजे तुझे दाजी ठरवणार," ती म्हणाली. "टेप काय आपोआप चालतो? हे बघा, तो घरी बसला तर इथेच बसणार. आणखी वर्षभर हे असं बघायची ताकद आहे का तुमच्यात?"

"काकांच्या घरी पाच माणसं आहेत."

"आणि आपल्याकडे काय मांजरं आहेत? काकांचं वय झालं. आज ना उद्या त्यांना थांबायचंच आहे."

"मला काय, मी दुसरं काहीतरी बघीन," पलंगावरून आवाज आला. चार नोकऱ्यांतून त्याने दुसरंच काहीतरी बघितलं होतं.

"तू गप्प बस," बायको म्हणाली आणि माझ्या पानात वाढलं. मी जेवलो. पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

परत येऊन मी खिडकीपासून सुरुवात केली. पहिली ओळ चालू. दुसऱ्या ओळीच्या खुर्च्या उचलल्या आणि टेबलांवर लाल पट्टीची फुली मारली. तिसरी चालू. चौथीवर फुली. पाचवी चालू. सहाव्या ओळीशी आलो तेव्हा पट्टी संपत आली होती, म्हणून शेवटच्या टेबलावर फुलीऐवजी नुसतीच एक रेघ आली. ती तिरकी गेली. मी ती नीट केली नाही.

पाच वाजता मागच्या गल्लीत सगळे अंतर राखून उभे होते. मालक आले नाहीत. त्यांना अचानक डोकेदुखी झाली होती. दार उघडून मी एकेकाला आत घेतलं, ओळ बघ म्हटलं, एवढंच. दुसऱ्या ओळीचा वेटर शिव्या देत गेला, मालकांना, साथीला, मला. चौथीचा आल्या पावली परत गेला. मेहुण्याने आपली चार टेबलं पाहिली आणि विचारलं, "एवढीच माणसं, तर मग किती वाजता सुटणार?"

इस्त्रीकाका शेवटी आले. कोट नेहमीसारखा कडक. मास्क बायकोने घरी शिवलेला, पांढरा. ते दारात उभे राहिले, सहाव्या ओळीवरच्या लाल पट्ट्या पाहिल्या आणि मग खिडकीपर्यंत नजर नेली.

"खिडकीकडून धरलास वाटतं."

"पहिली ओळ ती पहिली, काका. तिथूनच मोजणार ना."

"हो. पहिली ती पहिलीच."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. नियम सैल झाले की..."

"गड्या, मी तुला काही विचारलं का?" ते शांतपणे म्हणाले. "नाही ना? मग कशाला सांगतोस."

त्यांनी कोट काढला, कारण कोट हॉटेलचा. घडी घातली आणि माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवली. अंतराचा नियम होता म्हणा. नुसत्या सदऱ्यावर ते मागच्या दाराने गेले. मला वाटलं होतं ते शिव्या देतील, आणि मी त्यांना उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा साहेब तपासायला आला. सहा फुटांची रंगवलेली काठी त्याच्याजवळ होती. ती त्याने दोन टेबलांमध्ये धरली, वहीत काहीतरी लिहिलं, आणि मग काठी भिंतीला टेकवून मालकांच्या शेजारी एकाच सोफ्यावर बसून केक खाल्ला. मास्क दोघांचेही हनुवटीवर. खाता खाता साहेब म्हणाले, "लोकांना शिस्तच नाही हो." मालक म्हणाले, "अगदी खरं." असल्या दोन माणसांनी मिळून आमच्या शहराचा रोग आटोक्यात आणला.

हॉटेल उघडलं, पण उघडलं म्हणायचं इतकंच. फुलं बंद झाली, फुलवाला येईनासा झाला. कापडी टेबलक्लॉथ बंद झाले, तेव्हा तीस वर्षं आमचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीवाल्याला मालकांनी फोनवर कळवलं, तेही मला करायला लावून. आचाऱ्याने सतरा पदार्थ खोडून सहा ठेवले. बारा टेबलांपैकी दुपारी तीन भरायची, संध्याकाळी पाच. आणि येणारी गिऱ्हाइकं कोण? एक जोडपं दर दोन मिनिटांनी प्लेटच्या कडा पुसायचं. एक गृहस्थ रिकाम्या हॉलचे फोटो काढून कोणाकोणाला पाठवायचे आणि एका कॉफीवर दीड तास काढायचे. "वाईट वाटतं हो तुमचं," ते मला म्हणाले. वाईट वाटणाऱ्या माणसाने निदान एक सूप मागवावं.

पंधराव्या दिवशी मेहुणा आला नाही. सोळाव्या दिवशी आला, पण मागच्या दाराने, नारिंगी जाकीट घालून, पाठीवर चौकोनी मोठी पिशवी. घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीत तो लागला होता. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्याच किचनमधली ऑर्डर न्यायला तो उभा होता.

"लवकर करा ना दाजी," तो म्हणाला. "पाच मिनिटं होऊन गेली. माझे गुण कापतात."

या माणसासाठी मी टेप खिडकीकडून धरला होता. मी ऑर्डर आणून त्याच्या पिशवीत ठेवली आणि वर पिशवीची चेनही लावून दिली.

मालकांना सांगितलं तेव्हा ते काउंटरवर बसले होते. "बरं झालं. मला तो आवडतच नव्हता," ते म्हणाले. "इस्त्रीला बोलावून घे. त्याला ती ओळ पाठ आहे. आत्ताच फोन कर, माझ्यासमोर."

फोन काउंटरवरच, त्यांच्या हातापासून वीतभर. काकांच्या घरचा नंबर मला तोंडपाठ. मी रिसीव्हर उचलला. आणि मला त्यांचा तो सदरा आठवला, तो घरगुती मास्क, 'मी तुला काही विचारलं का' हे वाक्य. ते परत येणार, रोज सकाळी समोर उभे राहणार, काही बोलणार नाहीत, आणि मला दिवसभर त्यांना ऑर्डरी सांगाव्या लागणार. ज्याचं आपण वाटोळं करतो त्याचाच आपल्याला राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी मालकांकडे पाठ केली, चार आकडे दाबले आणि पुढचे दाबलेच नाहीत.

"काका? हं, मी बोलतोय," मी मुक्या रिसीव्हरमध्ये म्हणालो. "मालक विचारतायत, याल का परत?... हं... हं... अहो पण... बरं. बरं, सांगतो."

मी रिसीव्हर ठेवला. "नको म्हणतात. गुडघे फार दुखतात म्हणे."

"माज आहे, माज," मालक म्हणाले. "अडचणीच्या वेळी असे उलटतात बघ. दुसरा मिळेपर्यंत ती ओळ तू सांभाळ."

मी कॅप्टनचा कोट काढून वेटरचा घातला. तो काउंटरखालीच होता, घडी तशीच. दंडात थोडा सैल झाला.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी पुढचं दार उघडलं आणि इस्त्रीकाका आत आले. बरोबर त्यांची बायको. ठेवणीतली साडी, हातात छोटी पर्स, आणि चेहऱ्यावर आपण चुकीच्या ठिकाणी आलोय असा भाव. आमच्याकडे नोकराला किंवा त्याच्या घरच्यांना हॉलमध्ये बसून खायची मनाई. हाही मालकांच्या वडिलांचाच नियम. चौतीस वर्षं नवरा तिथे राबला, पण त्या बाईंनी मागच्या दारापलीकडचं काही पाहिलं नव्हतं.

"आता बसता येतं ना?" काकांनी मला विचारलं. "आता मी इथला नाही."

"या ना काका. या, बसा."

ते सरळ खिडकीच्या ओळीकडे गेले आणि दुसऱ्या टेबलाशी बायकोसाठी खुर्ची ओढली. "इथून ते खांबापर्यंत माझं असायचं," त्यांनी तिला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर, मग छताकडे, मग टेबलावरच्या चमच्यांकडे बघत राहिली.

"एवढं मोठं आहे होय," ती म्हणाली. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"दोन सूप द्या," काका मला म्हणाले. "मग एक मासा, दोघांत. शेवटी कॉफी. घाई नाही." आयुष्यभर ते मला अरे-तुरे करत आले होते. मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते मेनूचा कागद वाचत होते आणि वर पाहतही नव्हते, अगदी गिऱ्हाईक जसं पाहत नाही तसं.

सूप ठेवताना बाई माझ्याकडे बघून हसल्या. "तुम्हीच ना ते, भाऊ? हे घरी तुमचं फार सांगायचे. म्हणायचे, माझ्या हाताखाली एकच जण धड शिकला."

मी "हो, हो" असं काहीतरी पुटपुटलो. त्याच वेळी मालक टेबलांमधून हिंडत आले. गिऱ्हाइकांची विचारपूस करायचा त्यांना नवा छंद लागला होता, गिऱ्हाइकं कमी झाल्यापासून.

"अरे वा! आज उलटं झालं की! छान, छान," ते काकांना म्हणाले. "पण तुमचा मला राग आलाय हं. हॉटेल अडचणीत, आणि आम्ही मुद्दाम बोलावलं तर तुम्ही चक्क नको म्हणालात? माझ्यासमोर फोन केला याने. शेवटी मी परवा दुसरा माणूस घेतला. शब्द देऊन बसलो. सोमवारी येतोय."

बाईंचा चमचा सूपमध्येच थांबला. "फोन?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कधी..."

मी ट्रे घेऊन उभा होतो. फोन केलाच नव्हता, एवढे तीन शब्द. ते तोंडाशी आले होते, आणि मी त्या क्षणी काय विचार केला? हा विचार केला की सोमवारी नवा माणूस येतोय, आणि मालकांना कळलं तर माझाही कोट जाईल. म्हणून मी ट्रेवरचा रिकामा ग्लास सरळ केला.

काकांनी रुमालाने ओठ टिपले. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बायकोकडे वळले.

"आला होता फोन," ते म्हणाले. "तू बाजारात गेली होतीस. मीच नको म्हटलं."

"नको म्हटलंत?"

"गुडघे."

"आणि मला बोलला नाहीत?"

"राहिलं."

"चालायचंच. वय झालं की असं होतं," मालक म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले, जिथे कोणी बसलेलं नव्हतं.

बाईंनी आवाज अगदी खाली आणला, पण मी दोन हातांवर उभा होतो. "पोरगा तीन महिने घरात बसलाय. मी दुकानदाराला तोंड चुकवून जाते येते. आणि तुम्हाला बोलावलं तर तुम्ही नको म्हणालात?"

"सूप निवतंय," काका म्हणाले.

मी मासा आणला. काकांनी त्याचा काटा काढला आणि मोठा भाग बायकोच्या बाजूला सारला. तिने थोडा खाल्ला. कॉफी आणली. मी टेबलाशी गेलो की काका "थँक यू" म्हणायचे, स्वच्छ आणि कोरडं, आणि मला ते प्रत्येक वेळी थोबाडीत बसल्यासारखं लागायचं. शिवी दिली असती तर मी तिच्यावर जगलो असतो. आठ दिवस मनात घोळवली असती, उत्तरं दिली असती, शेवटी म्हटलं असतं की म्हातारा तोंडाळच होता. त्यांनी मला तेवढंही दिलं नाही.

बिल मीच भरतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. काकांनी बिलाच्या बशीवर हात ठेवला आणि मी तोंड मिटलं.

उठताना बाईंनी सवयीने प्लेटा एकीत एक घालायला सुरुवात केली. काटे-चमचे वरच्या प्लेटमध्ये, उष्टे कागद वाटीत, घरी करतात तसं. काकांनी बायकोचं मनगट धरलं. तिने रचलेल्या प्लेटा सुट्या केल्या आणि जिथल्या तिथे परत मांडल्या, तिची तिच्यासमोर, आपली आपल्यासमोर.

"राहू दे," ते म्हणाले. "ते उचलतात."

ती आधी बाहेर पडली. खिडकीतून मला दिसलं, ती नवऱ्यासाठी थांबली नाही, पर्स छातीशी धरून भराभर पुढे निघाली. काका दार सावकाश लावून तिच्या मागे गेले. त्यांनी हाक मारली नाही. कोपऱ्यावर ती वळली, मग थोड्या वेळाने तेही वळले.

मी प्लेटा उचलल्या आणि आत नेल्या.